नाममुद्रा, बियाण्यांची

नाममुद्रा, बियाण्यांची : विशिष्ट उत्पादकाचा माल किंवा वाण ओळखता यावा म्हणून वापरले जाणारे नाव वा चिन्ह म्हणजे नाममुद्रा होय. खरेदीच्या वेळी दर्जा पारखता येत नसेल, तर ग्राहक परिचित नावावर विसंबतो व आरंभीची लोकप्रियता हेच पुढील विक्रीचे कारण बनते. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या बियाणे-बाजारात ही प्रक्रिया स्पष्टपणे आढळते.

बियाण्याची उगवण आठवड्याभरात कळते. उत्पन्न मात्र सोयाबीनच्या बाबतीत सु. तीन महिन्यांनी, तर कपाशीच्या बाबतीत पाच-सहा महिन्यांनी हाती येते. त्यावर पाऊस, जमीन, खत व कीड यांचाही परिणाम होत असल्याने बियाण्याचे श्रेय एका हंगामावरून ठरविता येत नाही. साहजिकच शेतकरी शेजारच्या शिवारातील पेरा पाहून निर्णय घेतो आणि दुकानदार खपणाऱ्या वाणाचाच साठा करतो. वरंगळ जिल्ह्यातील (आता तेलंगणात) कापूस-उत्पादकांच्या अभ्यासात ग्लेन डेव्हिस स्टोन या मानवशास्त्रज्ञांनाही (२००७) वाणांच्या अशाच अल्पजीवी लाटा आढळल्या.

जबलपूर येथील कृषी विद्यापीठाचा ‘जे.एस.-३३५’ हा सोयाबीनचा वाण १९९४ मध्ये अधिसूचित झाला. लवकर तयार होणारा म्हणून त्याने नाव मिळविले. परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘एम.ए.यू.एस.-७१’ यांसारखे वाण दिल्यानंतरही त्याचे प्राबल्य दीर्घकाळ टिकले. पैदासकार, पायाभूत व प्रमाणित या टप्प्यांतून बी वाढविण्यास काही वर्षे लागतात व बीजोत्पादनाचे प्रमाण अपेक्षित मागणीवरून ठरते. परिणामी नव्या वाणाचे बी अल्प असते आणि बी अल्प म्हणून त्याचा परिचयही अल्प राहतो.

परिचयाच्या बळाला मर्यादाही आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा १९८० नंतरच्या दशकात प्रसारित झालेला संकरित वाण कोरडवाहू भागात अतिशय लोकप्रिय होता. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर मात्र तो मागे पडला. कारण बोंडअळीपासून मिळणारे संरक्षण शेतात डोळ्यांना दिसत होते. पुढे अनेक कंपन्यांच्या वाणांत तेच परवानाप्राप्त जनुक आले. कीडप्रतिकाराच्या बाबतीत त्यांच्यातील भेद कमी झाला आणि निवडीत नावाचे महत्त्व पुन्हा वाढले. फरक ठळक असेल तेथे गुण जिंकतो. तो सूक्ष्म असेल तेथे नाव जिंकते, असे म्हणता येईल.

डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय आदेशाने बीटी कापूस-बियाण्याची कमाल किंमत ठरविण्याची व्यवस्था झाली. किमतीला मर्यादा असल्याने ठरावीक वाणाची जादा मागणी टंचाई व चढ्या दराने चोरटी विक्री यांना वाव देते. तसेच प्रसिद्ध नावाच्या बनावट पाकिटांचाही धोका वाढतो. त्याची झळ लहान कोरडवाहू शेतकऱ्याला अधिक बसते, कारण दुबार पेरणीचा खर्च त्याला पेलत नाही.

परिचित नावावरील विश्वास हा निव्वळ अविचार नव्हे. माहितीच्या अभावी तो खर्च व जोखीम कमी करण्याचा मार्ग असतो. तथापि नाव हा गुणाचा पुरावा ठरत नाही. स्थानिक चाचण्यांचे निष्कर्ष, घरगुती उगवण-चाचणी, पाकिटावरील गट क्रमांक आणि पक्की पावती ही त्यास पूरक साधने होत.