पुराच्या रात्री आकडा येईल का?

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेतील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. दोन्ही आकडे बघता बघता देशभर पसरले. हवामान विभागाने तपासणी केली तेव्हा नागपूरचा सेन्सर बिघडलेला निघाला आणि मुंगेशपूरचा सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की दोन्ही केंद्रे चालू होती. वीज होती, संदेश वेळेवर जात होते, नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर त्यांच्यापुढे हिरवा दिवाच असणार. ५६ हा आकडा अशक्य कोटीतला असल्याने लगेच पकडला गेला. पण तोच सेन्सर ४२ अंशांच्या दिवशी ४५ दाखवत असता तर कोणाच्या भुवया उंचावल्या नसत्या. उष्णतेच्या लाटेचा इशारा त्याच आकड्यावर निघाला असता आणि तोच आकडा कायमच्या नोंदीत जाऊन बसला असता.

अशी दुरून माहिती पाठवणारी उपकरणे आता आपल्या आयुष्याला सगळीकडून वेढून आहेत. धरणाच्या जलाशयाची पातळी, पुलाखालचे नदीचे पाणी, घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणाच्या भिंतीतून होणारा पाझर, असे बरेच काही माणूस जागेवर नसताना मोजले जाते. रचना साधारण सारखीच असते. मोजणारा सेन्सर, त्याचे आकडे साठवणारा डेटा लॉगर, ते पाठवणारा मोडेम किंवा उपग्रहाशी बोलणारा अँटेना, आणि या सगळ्याला वीज पुरवणारे सोलर पॅनेल व बॅटरी. हे संच जुने होतात, तेव्हा ते ठेवायचे की बदलायचे हा प्रश्न प्रत्येक कार्यालयापुढे येतो. त्याचे उत्तर सहसा दोनपैकी एका पद्धतीने दिले जाते. एक, उपकरणाचे कागदावरचे आयुष्य संपले म्हणून सरसकट बदलायचे. दोन, बंद पडेपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या मते दोन्ही पद्धती चुकीचा प्रश्न विचारतात. ज्या रात्री या उपकरणाच्या आकड्यावर धरणाचा विसर्ग ठरणार आहे किंवा गाव हलवायचे की नाही हे ठरणार आहे, त्या रात्री तो आकडा येईल का आणि खरा असेल का, हा प्रश्न विचारायला हवा. त्याचे उत्तर खात्रीने ‘हो’ असे देता येईनासे झाले की उपकरण बदलायची वेळ झाली. मग ते पंधरा वर्षांचे असो वा तीन वर्षांचे.

सांगलीत पावसाळ्यात एकच प्रश्न घरोघरी विचारला जातो : आयर्विन पुलाजवळ पाणी किती? तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या आणि राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या पुढे गेले. अशा नदीवरच्या एखाद्या दूरमापन केंद्राबद्दल अहवालात लिहिलेले असते की वर्षभरात ९५ टक्के माहिती मिळाली. ऐकायला उत्तम वाटते. पण वर्षाचे ५ टक्के म्हणजे अठरा दिवस, आणि ते अठरा दिवस कोणते हे ही टक्केवारी सांगत नाही. उपकरणे वर्षभर सारख्या प्रमाणात बंद पडत असती तर गोष्ट वेगळी. प्रत्यक्षात ती बंद पडतात त्याची कारणे आणि पुराची कारणे एकच असतात. सह्याद्रीच्या माथ्यावर जुलैत दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, त्यामुळे पॅनेल असूनही बॅटरी भरत नाही. वीज कडाडते आणि तिच्या झटक्याने लॉगर जळतो. वीजपुरवठा खंडित झाला की मोबाइलचा टॉवर काही तासांत गप्प होतो. पाण्यातून वाहत आलेला ओंडका सेन्सरचा पाइपच उखडून नेतो. म्हणून सरासरी टक्केवारी बाजूला ठेवून फक्त मुसळधार पावसाचे आणि इशारा पातळीच्या वरचे दिवस मोजले पाहिजेत. त्या दिवसांत किती आकडे आले आणि किती वेळात आले? नऊ महिने निर्दोष चालणारे आणि दर अतिवृष्टीत गप्प होणारे केंद्र निकामीच समजले पाहिजे, भले त्याची सरासरी कितीही चांगली असो. ही मोजणी करायला नवे काही विकत घ्यावे लागत नाही. सर्व्हरवर गेल्या काही वर्षांच्या नोंदी पडलेल्या असतात, त्या उघडून बघायच्या असतात.

दुसरी गोष्ट, संच एकाच वेळी म्हातारा होत नाही. बंद डब्यात, मे महिन्याच्या उन्हात राहणारी शिसे-आम्लाची बॅटरी सर्वांत आधी थकते. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. थकलेली बॅटरी एप्रिलमध्ये मीटर लावून पाहिली तर व्होल्ट बरोबर दाखवते, कारण पॅनेल तिला रोज भरत असते. तिची ताकद किती उरली हे कळायला पॅनेल सोडवून, भार टाकून, सलग काही दिवस तिच्यावर केंद्र चालवून बघावे लागते. पर्जन्यमापकाचे दुखणे निराळे. आत दोन छोट्या कप्प्यांची डुलणारी वाटी असते. एक कप्पा ठरावीक पाण्याने भरला की वाटी कलंडते आणि एक ठोका नोंदला जातो. नळीत पाला किंवा पक्ष्याची विष्ठा अडकली की पाऊस उशिरा आणि कमी दिसतो. वाटीची खुंटी झिजली की प्रत्येक ठोका थोडा खोटा होतो. शिवाय फार जोराच्या पावसात वाटी कलंडत असतानाच्या क्षणात पडणारे पाणी मोजणीतून सुटते, म्हणजे नेमक्या अतिवृष्टीतच आकडा कमी येतो. नदीच्या तळाशी बसवलेल्या दाबमापक सेन्सरवर गाळ साचतो आणि त्याचा शून्य हळूहळू सरकतो. पुलावरून खाली पाण्याकडे रोखलेल्या रडार सेन्सरला गाळाचा त्रास नाही, पण तो चोरीला जाऊ शकतो. यातल्या बहुतेक दुखण्यांसाठी पूर्ण संच बदलायची गरज नसते. बॅटरी बदलली, वाटी बदलली, कॅलिब्रेशन केले की केंद्र पुन्हा विश्वासाचे होते. अट इतकीच की मूळ खरेदीच्या वेळी लॉगर असा निवडलेला असावा, ज्याला दुसऱ्या कंपनीचा सेन्सरही जोडता येतो. एकाच पुरवठादाराची बंद भाषा बोलणारा संच घेतला असेल तर शंभर रुपयांच्या भागासाठी लाखाचे यंत्र टाकावे लागते. निविदेतली ती एक ओळ पुढच्या दहा वर्षांचा खर्च ठरवते.

इथे एक आकडा सांगितलाच पाहिजे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ साली पूरनियंत्रण आणि पूर्वानुमान योजनांवर जो अहवाल दिला, त्यात केंद्रीय जल आयोगाच्या ३७५ दूरमापन केंद्रांपैकी २२२ केंद्रे, म्हणजे ५९ टक्के, बंद असल्याचे नोंदवले आहे. आयोग तेव्हा माणसांनी घेतलेल्या नोंदींवरच विसंबून होता. वयाने म्हातारे होऊन एवढे संच एकदम बंद पडत नाहीत. देखभाल, सुटे भाग आणि राखण यांची व्यवस्था नसली की ते तरुणपणीच जातात. म्हणून बदलण्याच्या प्रस्तावावर सही करण्याआधी जुना संच का गेला, याचे उत्तर लेखी मागितले पाहिजे. कारण चोरी असेल तर नवा संचही चोरीला जाईल. कारण तंत्रज्ञ वर्षातून एकदाच येतो हे असेल तर नव्या संचाचीही तीच गत होईल. नव्या योजनेला पैसा मिळवणे सोपे आणि देखभालीला मिळवणे अवघड, ही आपल्या सरकारी हिशेबाची जुनी खोड आहे. या खोडीमुळे जी केंद्रे दोन भाग बदलून वाचली असती ती भंगारात जातात, याचे मला मनापासून दुःख होते.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा आक्षेप हमखास येतो. त्यामागे तुटपुंजे पैसे असतात, आळस नव्हे, त्यामुळे तो उडवून लावता येत नाही. पण टेहळणीच्या उपकरणाचे मोल रोजच्या कामात नसते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला सुमारे ६.३ रिश्टर क्षमतेचा भूकंप झाला. कोयनानगरात मोठी जीवितहानी झाली, १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला तडे गेले. त्या भिंतीच्या आतल्या बोगद्यात एक कंपनमापक बसवलेला होता. त्या पहाटे त्याने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट इतका धक्का नोंदवला. काँक्रीटचे धरण प्रत्यक्ष भूकंपात कसे वागते, याचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते आजही ती नोंद वापरतात. काही सेकंदांचा तो आलेख मिळाला नसता तर पुन्हा मिळवण्याचा कोणताच मार्ग नव्हता. पंपासारखे यंत्र बंद पडले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून राहिलेले काम उरकता येते. हुकलेली मोजणी उरकता येत नाही. ‘बंद पडल्यावर बघू’ हे धोरण पंपाला चालेल, कंपनमापकाला आणि पूरमापकाला नाही.

कधी कधी उपकरण ठणठणीत असते, तरी ते अपुरे पडते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या हवामान संस्थेने भूकंपाचा पहिला अंदाज ७.९ दिला, तो प्रत्यक्षात ९.० होता. देशातले संवेदनशील भूकंपमापक त्या हादऱ्याने मोजपट्टीच्या बाहेर गेले होते, त्यामुळे खरा आकार लगेच काढता आला नाही. त्सुनामीचा पहिला इशारा इवाते आणि फुकुशिमाला ३ मीटरच्या लाटेचा गेला. किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी पट उंच लाटा आल्या. पुढे त्या संस्थेने मोठा हादराही न अडखळता मोजतील अशी उपकरणे ८० ठिकाणी बसवली. आपल्याकडे पावसाचे आणि पुराचे विक्रम मोडत असताना प्रत्येक केंद्राला हा प्रश्न लागू होतो : २०१९ पेक्षा दोन फूट जास्त पाणी आले तर सेन्सरच पाण्याखाली जाईल का? जाणार असेल तर तो कितीही नवा असला तरी हलवला किंवा बदलला पाहिजे. संपर्काचेही तसेच. एअरटेलने २०२०च्या आसपास ३जी बंद केले, जिओकडे २जी किंवा ३जी पहिल्यापासून नव्हतेच. मोडेम उत्तम चालत असला तरी ज्या जाळ्यावर तो बोलतो तेच उद्या गेले तर केंद्र मुके होते. जाळे बंद होण्याची तारीख बहुधा आधी कळते, म्हणून तेवढा भाग वेळेत बदलणे शक्य असते.

उलट बाजूचा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. उपकरण बदलले की नोंदींची सलगता तुटते. अमेरिकेत १९८०च्या दशकात स्वयंसेवकांच्या हजारो केंद्रांवर काचेच्या तापमापकांऐवजी इलेक्ट्रॉनिक तापमापक आले. नंतर हिशेब केला तेव्हा दिसले की केवळ या बदलामुळे कमाल तापमान सरासरी ०.४ अंशाने खाली आणि किमान तापमान ०.३ अंशाने वर सरकले होते. हवा बदलली नव्हती, तापमापक बदलला होता. शंभर वर्षांत एखाद-दोन अंशांची वाढ शोधणाऱ्या शास्त्रासाठी ही चूक लहान नाही. पण या आक्षेपातून ‘बदलू नका’ असा निष्कर्ष निघत नाही, कारण सरकत जाणारा जुना सेन्सरही सलगता तोडतच असतो, फक्त कोणाला न सांगता. निष्कर्ष असा निघतो की जुने मरण्याआधी नवे शेजारी बसवा आणि दोन्ही एकत्र चालवा. जागतिक हवामान संघटनेची मार्गदर्शिका वाऱ्यासाठी एक वर्ष, तापमान आणि आर्द्रतेसाठी दोन वर्षे आणि पावसासाठी पाच वर्षे अशी समांतर नोंद सुचवते. पूर्ण मेलेल्या उपकरणाशेजारी समांतर नोंद घेता येत नाही, म्हणून बंद पडेपर्यंत थांबणे शास्त्राच्या दृष्टीनेही महागात पडते.

पैशाचा प्रश्न तरीही उरतो. सगळी केंद्रे एकदम बदलता येणार नाहीत, आणि बदलूही नयेत, कारण एकाच वेळी घेतलेले संच पुढे एकाच वेळी थकतात. कुठे आधी खर्च करायचा हे ठरवताना २६ जुलै २००५ आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३. सांताक्रूझचा मापक नसता तर कुलाब्याचा कितीही अचूक मापक मुंबईवर काय कोसळते आहे ते सांगू शकला नसता. त्यामुळे ज्या केंद्राला जवळपास दुसरा पर्याय नाही आणि ज्याच्या खाली वस्ती आहे, ते पहिल्या क्रमांकावर. ज्याच्या पाच किलोमीटरवर दुसरे केंद्र आहे, ते जुने असले तरी थांबू शकते. यात आणखी एक हिशेब धरावा लागतो : बिघाडापासून दुरुस्तीपर्यंत किती दिवस जातात? पावसाळा सुमारे १२० दिवसांचा. सुटा भाग परदेशातून यायला तीन महिने लागत असतील तर जूनमधला एक बिघाड अख्खा हंगाम खाऊन टाकतो. असे भाग एक तर कपाटात आधीच ठेवलेले असावेत, नाहीतर तो संच बदलण्याच्या यादीत वर जावा.

हे सगळे ठरवण्याचा महिना ऑक्टोबर. पाऊस नुकताच सरलेला असतो, कोणते केंद्र कोणत्या रात्री गप्प झाले हे नोंदवहीत ताजे असते, आणि निविदा, खरेदी, बसवणी आणि चाचणी उरकायला मेअखेरपर्यंत सात महिने हातात असतात. एप्रिलमध्ये सुरू झालेली खरेदी बहुधा ऑगस्टमध्ये खोक्यातच पडून राहते. नवे केंद्र सुरू झाल्यावरही पुलाच्या खांबावरची फूट-इंचांची पट्टी दरवर्षी रंगवलेली असावी आणि ती वाचणाऱ्या माणसाची जागा भरलेली असावी, कारण सेन्सर सरकला आहे की नाही हे पडताळायला त्या पट्टीइतका स्वस्त आणि भरवशाचा पुरावा दुसरा नाही.