मनोरी: खाडीपलीकडची सुट्टी

स्थान आणि नाव

मालाडच्या पश्चिमेस मार्वे, मार्व्यापुढे खाडी आणि खाडीच्या पैलतीरावर मनोरी. अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेस. 'उष्णकटिबंधातील बेट' म्हटले की मालदीव किंवा बाली डोळ्यांपुढे येते. पण भूगोलाच्या व्याख्येने ते वर्णन मनोरीलाही लागू पडते. ज्या भूभागावर हे गाव वसले आहे त्याचे जुने नाव धारावी बेट. मुंबईच्या मध्यभागातील धारावीशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. दक्षिणेकडील मनोरी, कुलवेम व गोराई ही गावे बृहन्मुंबई महानगरपालिकेत येतात, तर उत्तरेकडील उत्तन, डोंगरी, चौक ही गावे मीरा-भाईंदर महानगरपालिकेत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस व पूर्वेस मनोरीची खाडी, उत्तरेस वसईची खाडी. भाईंदरच्या बाजूला मात्र खाजण, मिठागरे आणि त्यांतून काढलेला रस्ता आहे. त्यामुळे नकाशावर बेट असलेली ही जागा मोटारीतून जाणाऱ्याला बेट वाटतच नाही.

या जागेचे महत्त्व पूर्वी विश्रांतीशी निगडित नव्हते. वसई आणि साष्टी यांच्यामधील जलमार्गावर येथून नजर ठेवता येत असे. म्हणूनच १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत धारावीचा किल्ला हे मराठ्यांचे एक प्रमुख लक्ष्य होते. १७३९ मध्ये तो पोर्तुगीजांकडून चिमाजी अप्पांच्या फौजेकडे आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

खाडीचा खंड

सुट्टीच्या ठिकाणाचे मोल साधारणपणे अंतरावर ठरते: जितके दूर, तितके शहर मागे पडते. मनोरी हा या नियमाला अपवाद आहे. मालाड स्थानकापासून मार्वे अवघे सहा-सात किलोमीटर. तेथून फेरीबोट, जुन्या मराठीत 'तर', काही मिनिटांत खाडी ओलांडते. माणसांबरोबर दुचाक्या, सायकली, मासळीच्या पाट्या आणि बाजारहाटाच्या पिशव्याही तिच्यात चढतात. मोटारीचा रूढ मार्ग भाईंदर-उत्तनवरून वळसा घालून येतो आणि तो तीस किलोमीटरहून लांब पडतो. शहरापासून इतक्या जवळ असूनही ही जागा वेगळी राहिली ती या खंडामुळे. धक्क्यावर थांबणे, होडी भरण्याची वाट पाहणे आणि शेवटच्या फेरीची वेळ ध्यानात ठेवणे या तीन गोष्टींनी दिवसाची गती मंदावते. रिसॉर्टच्या दरपत्रकात त्यांची नोंद नसते. तरीही पाहुणा ज्याला 'निवांतपणा' म्हणतो त्याचा मोठा भाग खाडीनेच पुरवलेला असतो.

रिसॉर्ट: व्याख्या व रचना

मुंबईच्या बोलीत 'रिसॉर्ट' हा शब्द फार सैल झाला आहे. तरणतलाव, पाण्याच्या घसरगुंड्या आणि दिवसाच्या तिकिटाचे मोठे संकुलही रिसॉर्ट, आणि नारळ-ताडांच्या आवारातल्या पाच-सात खोल्याही रिसॉर्टच. मनोरीची जुनी ओळख दुसऱ्या प्रकाराची आहे. बंगला, त्याला जोडलेल्या काही खोल्या, ओटा, झोपाळा, आवाराच्या टोकाला वाळूकडे उघडणारे फाटक अशी ही रचना. मनोरीबेल हे अशा ठिकाणांतले जुने आणि परिचित नाव. असे छोटे ठिकाण चालते कसे, हे त्याच्या आठवड्याकडे पाहिल्यावर कळते. शनिवार-रविवारी खोल्या भरतात आणि मंगळवारी झाडलोट करणाऱ्याखेरीज आवारात फारसे कोणी नसते. सारा खर्च दोन दिवसांच्या उत्पन्नातून काढावा लागत असल्याने स्वतःची जागा, घरचे स्वयंपाकघर आणि गावातलेच मनुष्यबळ असलेल्याला हा व्यवसाय अधिक मानवतो.

किनारा आणि खडक

मनोरीची वाळू जाहिरातीतल्या बेटांसारखी पांढरीशुभ्र नाही. पांढरी वाळू मुख्यतः प्रवाळ व शिंपल्यांच्या भुग्याची असते. कोकणच्या उत्तर किनाऱ्यावर दख्खनच्या ज्वालामुखी खडकांच्या झिजेतून आलेले गडद कण तिच्यात मिसळतात आणि रंग करडा होतो. खडकांच्या बाबतीत मात्र मनोरी-गोराईचा पट्टा वेगळा ठरतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्टचा आहे. येथे त्यानंतरच्या, सुमारे सहा कोटी वीस लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतील ट्रॅकाइट व रायोलाइट हे फिकट, सिलिका अधिक असलेले खडक उघडे पडले आहेत. मालाडचा पिवळसर दगडही ट्रॅकाइटच. दक्षिण मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बांधकामात तो वापरला आहे.

भरती-ओहोटी

मनोरीतल्या दिवसाचे खरे वेळापत्रक समुद्राचे असते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि पाण्याची चढउतार वाढते. याला उधाण म्हणतात. त्या दिवसांत भरती व ओहोटीच्या पातळीतील फरक साडेतीन मीटरच्या वर जातो, काही दिवशी साडेचार मीटरही ओलांडतो. अष्टमीच्या आसपास ही दोन आकर्षणे काटकोनात असतात, तेव्हा भांग असतो आणि फरक दीड मीटरच्या आसपास उतरतो. सपाट किनाऱ्यावर उंचीतल्या या फरकाचे रूपांतर आडव्या अंतरात होते. सकाळी ओट्यावरून जवळ दिसणारे पाणी दुपारी वाळू, चिखल आणि खडकांपलीकडे गेलेले असते. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला त्यात फसवणूक वाटते.

वेळ काढण्याची कोकणातील पारंपरिक रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चारचे पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी व पहाटे. अष्टमीला सहाच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. या हिशेबाला मर्यादा आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ पूर्ण बारा तासांनी सरकते, म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटांनी. पाऊणपटीने ४५ मिनिटेच धरली जातात. त्यामुळे चूक साठत जाते आणि पौर्णिमेला सव्वाअकराचे उत्तर येते तेव्हा प्रत्यक्ष भरती अर्ध्या-पाऊण तासाने उशिरा असू शकते. जाळे टाकणाऱ्याला एवढी अचूकता पुरते. खाडीच्या मुखाशी पोहू पाहणाऱ्याला ती पुरत नाही, कारण ओहोटी लागताच खाडीतले पाणी समुद्राकडे जोराने ओढले जाते. अशा मुखाजवळ पाणी वरून शांत दिसत असतानाही खाली प्रवाह असतो, आणि किनाऱ्यावरील अनेक दुर्घटनांचे मूळ तेथेच आढळते.

वारा

दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट दिशेने, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, हा मतलई. शिडाच्या काळात कोळी पहाटेच्या मतलईवर होड्या बाहेर काढत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. पश्चिमाभिमुख ओट्यावरची दुपारची झोप याच यंत्रणेची देणगी होय. वातानुकूलित खोलीत खिडक्या बंद करून झोपणाऱ्याला ती मिळत नाही, हा भाग वेगळा.

गाव आणि ताट

मनोरी हे आधी कोळी व ईस्ट इंडियन समाजाचे गाव आहे, रिसॉर्टचे ठिकाण नंतर. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी व वसई भागातले मूळ रहिवासी असलेले, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले मराठीभाषक. भौगोलिकदृष्ट्या हे नाव गोंधळात टाकणारे, कारण समाज पश्चिम किनाऱ्यावरचा. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीशी असलेला जुना संबंध दाखवण्यासाठी आणि गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून वेगळी ओळख राहावी म्हणून त्यांनी ते स्वीकारले. त्यांची बोली मराठीच, पोर्तुगीज शब्दांची फोडणी असलेली. पिकाच्या कृतज्ञतेचा आगेरा हा त्यांचा सण ऑक्टोबरात येतो.

रिसॉर्टच्या ताटात जे येते त्याची साखळी येथपर्यंत पोहोचते. बाटली मसाला हा अनेक जिन्नस भाजून-कुटून बाटल्यांत दाबून भरलेला वर्षभराचा मसाला. नाव साठवणीच्या भांड्यावरून पडले. इंदियाल, सोरपोटेल आणि सणासुदीचे फुगे हे त्याच परंपरेतले. बोंबील डोल जाळ्यात सापडतात. हे पिशवीच्या आकाराचे जाळे समुद्रात खांबांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर उघडे ठेवतात, म्हणजे मासे पाणीच आणून देते. जास्तीची मासळी वलांडीवर, बांबूंच्या आडव्या मांडणीवर, वाळत घालतात. त्या वासाबद्दल पाहुण्यांची तक्रार असते. वलांड्या रिसॉर्टच्या आधीपासून तेथे आहेत.

हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुखाचा काळ, एप्रिल-मे दमट. पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत सरासरी २२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून त्या दिवसांत ताज्या मासळीची निवड आखडते आणि सुके बोंबील, करंदी, जवळा यांचा आधार घ्यावा लागतो.

गोडे पाणी

बेटावरच्या सुट्टीची खरी मर्यादा पाहुण्याला सहसा दिसत नाही, कारण ती जमिनीखाली असते. पावसाचे मुरलेले पाणी वजनाने हलके असल्याने भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. दोन्हींच्या घनतेत सुमारे अडीच टक्क्यांचा फरक असतो. त्यावरून निघणाऱ्या गाइबेन-हर्झबर्ग सूत्रानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर त्याचा थर सपाटीखाली सुमारे चाळीस मीटर जातो. सूत्र उलटेही लागू होते. उपशाने पातळी एक मीटरने उतरली, तर खारे पाणी कालांतराने खालून चाळीस मीटर वर सरकू पाहते. येथील कठीण, भेगाळ खडकात हे प्रमाण काटेकोर राहत नाही, पण दिशा तीच. विहिरीवर शेती व घरे चालली तोवर उपसा माणसांच्या व बैलांच्या ताकदीने मर्यादित होता. पंप, शॉवर, रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी आणि तरणतलाव आले की तोल बदलतो. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागू शकतात.

याच मनोरीत समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प मुंबई महानगरपालिकेने योजला आहे. क्षमता रोज २० कोटी लिटर, पुढे दुप्पट करता येईल अशी. शहराला रोज होणारा पुरवठा ३८० कोटी लिटरच्या वर आहे, त्यामुळे पहिल्या टप्प्याचा वाटा सुमारे पाच टक्क्यांचा. व्यस्त परासरण पद्धतीत पाणी उच्च दाबाने पटलातून ढकलले जाते. यात वीज भरपूर लागते आणि मागे अधिक खारे पाणी उरते. ते समुद्रात कोठे व किती पातळ करून सोडायचे, हा प्रश्न डोल जाळे लावणाऱ्यांच्या दृष्टीने तांत्रिक नाही, पोटाचा आहे.

एकाच बेटावरच्या तीन विश्रांती

बेटाच्या गोराई बाजूस १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. २०२२ मध्ये ते बंद पडले. त्याच्या शेजारी ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या त्याच्या खांबविरहित घुमटाखाली सुमारे ८००० साधक बसू शकतात. पाळण्यांचा कल्लोळ, ध्यानाचे मौन आणि मनोरीचा झोपाळा असे विश्रांतीचे तीन अर्थ काही किलोमीटरच्या परिसरात शेजारी नांदले. ग्राहक निराळे, उद्देश निराळे. होडीने खाडी ओलांडणे तेवढे समान. पाळण्यांचे गिऱ्हाईक मात्र होडीच्या वेळाचे फारसे सोयरसुतक न बाळगता पुढे महामार्गालगतच्या उद्यानांकडे वळू शकले. शांततेच्या शोधात आलेल्यांना तो पर्याय सहज नव्हता.

पूल

मनोरी-गोराई-उत्तन पट्ट्याचा पर्यटन क्षेत्र म्हणून विकास करण्याच्या सरकारी योजना अनेकदा मांडल्या गेल्या आणि ग्रामस्थांनी त्यांना विरोध केला. जमीन, गावठाण आणि मासेमारीचा किनारा हातचा जाईल ही त्यामागची भीती. मार्वे आणि मनोरी जोडणाऱ्या पुलाचा प्रस्तावही महापालिकेकडे आहे. पुलाबाबत गावाची बाजू एका वाक्यात मावत नाही. फेरी बंद असताना बाळंतिणीला किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला मालाडच्या रुग्णालयात न्यायचे तर भाईंदरचा वळसा घालावा लागतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा आणि मासळी घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांचा दिवस फेरीच्या वेळांना बांधलेला असतो. पुलाने हे सुटेल. त्याच पुलावरून रविवारी मोटारींची रांगही येईल, आणि पाच-सात खोल्यांच्या आवाराला मग महामार्गालगतच्या संकुलांशी थेट स्पर्धा करावी लागेल; कारण मार्व्याच्या धक्क्यावरचा थांबा, जो आजवर त्याच्या बाजूने काम करत आला, तो उरणार नाही.