मोठ्या हॉस्पिटलमध्ये गरिबांसाठी राखीव खाट असते, मग ती मिळत का नाही?

समजा, पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत राहणाऱ्या एका मावशींना रात्री छातीत दुखायला लागलं. रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी मोठी हॉस्पिटलं आजूबाजूला आहेत. पण घरचे लोक रिक्षावाल्याला सांगतात, "ससूनला घ्या." मोठ्या हॉस्पिटलचं दार आपल्यासाठी नाही, हे त्यांनी आधीच गृहीत धरलेलं असतं.

खरं तर कायदा वेगळंच सांगतो.

धर्मादाय रुग्णालय म्हणजे काय?

पुण्यातली अनेक नावाजलेली हॉस्पिटलं सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट चालवतात. रुबी हॉल, जहांगीर, केईएम ही त्यातली काही नावं. ट्रस्ट असल्यामुळे त्यांना करात सवलत मिळते. काही ट्रस्टना सरकारी जमीन किंवा जादा एफएसआयही मिळालेला असतो. त्या बदल्यात गरिबांवर उपचार करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात यासाठी ४१ कक हे कलम आहे.

हे कलम कागदावरच राहतं, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथून २००६ मध्ये एक योजना तयार झाली. ती आजही लागू आहे.

योजनेत काय मिळतं?

एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा 'निर्धन' रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' रुग्णांसाठी सवलतीच्या दरात. २०० खाटांचं हॉस्पिटल असेल तर २० अधिक २० अशा ४० खाटा झाल्या.

पैसा कुठून येतो? बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम हॉस्पिटलनं 'निर्धन रुग्ण निधी'च्या वेगळ्या खात्यात टाकायची असते. म्हणजे एक लाखाच्या बिलामागे दोन हजार रुपये. निर्धन रुग्णाची औषधं आणि इतर साहित्याचा खर्च यातून भागवायचा.

कोण पात्र आहे?

सुरुवातीला निर्धन गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला फक्त २५ हजार रुपये होती. ती टप्प्याटप्प्यानं वाढून आता १ लाख ८० हजार झाली आहे. दुर्बल गटासाठी ती ३ लाख ६० हजार आहे.

याचा महिन्याचा हिशोब केला की चित्र स्पष्ट होतं. घरात मिळून महिन्याला १५ हजारांपर्यंत येत असतील तर पहिला गट, ३० हजारांपर्यंत येत असतील तर दुसरा. नवरा वॉचमन, बायको चार घरची धुणीभांडी करते, दोघांचे मिळून २४ हजार होतात, असं कुटुंब दुसऱ्या गटात बसतं. पुण्यात अशी किती घरं असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण माहितीची. योजना आहे हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण?

दुसरी कागदांची. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मराठवाड्यातून कामासाठी आलेल्या कुटुंबाचं रेशनकार्ड बऱ्याचदा गावीच असतं. दाखला काढायला काही दिवस जातात आणि दुखणं तेवढं थांबत नाही. गरिबी सिद्ध करण्याची वेळ नेमकी पेशंट स्ट्रेचरवर असताना येते.

तिसरी अडचण निधीची. एखादी मोठी शस्त्रक्रिया किंवा आयसीयूतले काही दिवस यात बराच पैसा संपतो. मग "निधी शिल्लक नाही" असं उत्तर मिळू शकतं. हॉस्पिटलची ही अडचण खोटी असतेच असं नाही. पण खात्यात खरंच किती शिल्लक आहे, हे काउंटरसमोर उभ्या नातेवाइकाला कसं कळणार?

आणि चौथी, अनामत रकमेची. २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयानं गर्भवती महिलेच्या कुटुंबाकडे १० लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. पुढे त्या महिलेचा मृत्यू झाला आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर, तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेऊ नये, अशा सूचना सरकारनं दिल्या. पण हा नियम नवा नव्हता. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं आणि अनामत मागायची नाही, हे २००६ च्या योजनेतच लिहिलेलं आहे.

तुम्ही काय करू शकता?

• दाखल होतानाच हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा आणि धर्मादाय योजनेतली खाट मागा. बिल हातात येईपर्यंत थांबू नका.
• रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.
• हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. या योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.
• पुणे महापालिकेच्या 'शहरी गरीब' योजनेचीही चौकशी करा.
• नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि सह धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. हे कार्यालय पुण्यातच आहे.

हा लेख मोबाइलवर वाचणाऱ्या अनेकांना अशा खाटेची गरज पडणार नाही. पण तुमच्या घरी येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनकाकांना ती कधीही पडू शकते. त्यांना एकदा विचारा, "उत्पन्नाचा दाखला काढलाय का?" नसेल तर जवळच्या आपले सरकार केंद्रात अर्ज भरायला मदत करा. सगळे धडधाकट असताना काढलेला दाखला रात्री दोन वाजता कामाला येतो.