पेशीपटलाचा कारभार

हॉलंडमधील लायडन येथे 1925 साली एव्हर्ट गॉर्टर या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या ग्रेन्डेल या सहकाऱ्याने रक्तातील तांबड्या पेशींचा स्निग्धांश अ‍ॅसिटोनच्या साह्याने काढून तो पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा पसरविला, आणि त्याचे क्षेत्रफळ मूळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे दिसताच पेशीचे आवरण दुपदरी असले पाहिजे असा निष्कर्ष काढला. वास्तविक स्निग्धांश पुरता निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते; पण या दोन चुकांची परस्पर वजावट इतकी बेमालूम झाली की उत्तर बरोबर आले. असे दैव संशोधकांच्या वाट्याला क्वचितच येते!

अवघ्या पाचेक नॅनोमीटर जाडीचे हे पटल म्हणजे नुसते कुंपण, खरा कारभार त्यातील प्रथिनांचा, अशी समजूत पुढे बराच काळ रूढ होती. 1972 साली सिंगर आणि निकोल्सन यांनी पटल प्रवाही असल्याचे प्रतिपादिले, तेव्हाही स्निग्ध रेणूंना प्रथिनांच्या तरंगण्यापुरताच मान मिळाला. परंतु ही प्रवाहिता कोणाच्या हुकमतीत असते? थंडीत तूप थिजते आणि शेंगदाण्याचे तेल पातळ राहते, याचे कारण असे की संतृप्त मेदाम्लांची सरळ पुच्छे दाटीने बसतात, असंतृप्तांच्या पुच्छांना बाक असल्यामुळे त्यांना तसे बसता येत नाही. आपल्या आतड्यांतील ई-कोलाय जीवाणू गारठ्यात वाढविला, तर तो पटलातील बाकदार पुच्छांचे प्रमाण आपणहून वाढवितो आणि प्रवाहिता जवळजवळ पूर्ववत राखतो, हे 1974 मध्ये सिनेन्स्की यांनी दाखविले.

दोन्ही पदरही सारखे नसतात. फॉस्फॅटिडिल-सेरीन हा रेणू एरवी आतल्या पदरातच तैनात असतो. मरणोन्मुख पेशीत तो बाहेर आला की भक्षकपेशी त्याची दखल घेऊन तिचा निकाल लावतात. कोलेस्टेरॉलयुक्त रेणूंचे तराफे पटलावर फिरत असतात, ही सिमॉन्स आणि इकोनेन यांची 1997 ची कल्पना मात्र अजून वादातीत नाही. बंगळुरूच्या सत्यजित मेयर यांच्या प्रयोगांत जे पुंजके आढळले, ते तराफ्यांच्या मानाने फारच चिमुकले होते.

रेणूंतील किंचित फरकावर जीवनमरण कसे अवलंबून असते, हे 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी वणवण केलेल्या महाराष्ट्रातील रुग्णांच्या आप्तांना निराळे सांगायला नको. बुरशीच्या पटलात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असते. दोन द्विबंध आणि एक मिथिल गट एवढेच काय ते त्यात अधिक. पण तेवढ्यावरून हे औषध बुरशीला ओळखते, एर्गोस्टेरॉलला घट्ट धरते आणि तिचे पटल निकामी करते. ही ओळख अचूक नसल्याने कोलेस्टेरॉललाही थोडी झळ बसते आणि मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून लायपोसोमल प्रकारात ते औषधच दुपदरी स्निग्ध गोलकांत बसवून शिरेत सोडतात, ज्यामुळे उपद्रव पुष्कळ घटतो, किंमत मात्र वाढते.