घर बघायचं तर आषाढात

देवरूखात घर शोधायला मुंबई-पुण्याची माणसं येतात ती दिवाळी ते होळीच्या दिवसांत. अंगणं नुकती चोपून सारवलेली असतात, आंब्याला मोहोर असतो, पूर्वेला सह्याद्रीची रांग लख्ख दिसते. अशा दिवसांत पडकं घरसुद्धा देखणं दिसतं आणि माणूस विसार देऊन मोकळा होतो. माझं मत असं की या दिवसांत इथलं घर बघूच नये. ते आषाढात बघावं, धो धो पाऊस चालू असताना.

मी वास्तुतज्ज्ञ वगैरे नाही. मुंबईच्या एका शाळेत नोकरीभर चित्रकला शिकवली, निवृत्त झाले आणि इकडे आले. माझं माहेर साखरप्याकडचं. आमच्या साखरप्याच्या गिरिजादेवीचं दर संक्रांतीला मारळच्या मार्लेश्वराशी लग्न लागतं, तेव्हा देवरूखच्या बाजूला मुलगी देण्याची रीत देवांपासूनची आहे. मी लग्न होऊन गेले मात्र मुंबईला, आणि इकडे यायला साठी गाठावी लागली. घर शोधताना सगळे सांगत होते, रत्नागिरीला घ्या, समुद्र तरी दिसेल. मला समुद्र नको होता. पायी जाता येईल असा बाजार, दवाखाना, एसटी स्टँड आणि नजरेसमोर डोंगर हवा होता. देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचं मुख्य ठिकाण, त्यामुळे कचेऱ्या इथेच. इंदिराबाई हळबे यांनी 1954 साली सुरू केलेली मातृमंदिर ही संस्था इथली. शिवाय एवढ्याशा गावात कला महाविद्यालय आहे आणि लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयही. चित्रकलेच्या बाईला आणखी काय हवं?

तर पाऊस. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी 3,000 च्या वर आहे, आणि आम्ही डोंगराच्या पायथ्याला. चार महिन्यांत एवढं पाणी आकाशातून येणार आणि ते कुठेतरी जाणार. ते कुठून जातं, हे बघणं म्हणजेच इथलं घर बघणं. म्हणून दारात पोचल्यावर आधी आत जायचंच नाही. घराभोवती एक फेरी मारायची. पागोळ्या कुठे पडतात? जोत्याला लागून पडतात की हातभर लांब? वरच्या अंगाचं पाणी गडग्यातून येऊन मागच्या भिंतीला थडकतं की चर काढून बाजूने नेलंय? एका घराच्या मागीलदारी मी उभी होते तेव्हा वरच्या काजूच्या बागेतलं सगळं पाणी न्हाणीघराच्या भिंतीशी तळं करून बसलं होतं. ते घर जानेवारीत बघितलं असतं, तर तिथे छान जास्वंद दिसली असती.

मग भिंत. इथली घरं जांभ्याची. काळ्या कातळावर लाखो वर्षं ऊन-पाऊस बसून त्यातली सिलिका विरघळते, लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरतं, तो हा तांबडा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, चिरे सहज पाडता येतात, आणि हवा लागली की कडक होतो. पूर्वी हाताने पाडत, आता यंत्राने. गुण मोठा, पण खोडही आहे. हा दगड पाणी पितो. जमिनीतला ओलावा भिंतीतून वर चढतो. म्हणून जोतं काळ्या दगडाचं आणि चांगलं उंच असावं. मला घर दाखवायला आलेला म्हातारा गवंडी म्हणाला, "बाई, डोल्यांनी बगू नका, भिताडाला हात लावून बगा." तळहात टेकवला की गार लागणं वेगळं आणि ओलं लागणं वेगळं, हे लगेच कळतं. पश्चिमेची भिंत विशेष बघावी, कारण वारा-पाऊस तिकडूनच झोडपतो. पूर्वी तिला झावळ्यांचे झाप बांधत, आता निळी-काळी ताडपत्री लावतात. ताडपत्री दिसली म्हणून नाक मुरडू नये. मालक घराची काळजी घेतो एवढाच तिचा अर्थ.

याच जांभ्याचा थिबा राजवाडा रत्नागिरीत आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली तिथे आणून ठेवलं, आणि राजवाड्यात राहायला जायला त्याला 1910 साल उजाडलं. 1916 मध्ये तो वारला. घर मिळायला उशीर होतोय म्हणून आमचे हे कुरकुरले, की मी त्यांना थिबा सांगायची.

छपराचं बघायचं ते आत जाऊन, मान वर करून. मंगलोरी कौलांचा मोठा कारखाना बाझेल मिशनने 1865 साली मंगळुरात काढला, तिथून ही कौलं किनाऱ्याने वर आली. त्याआधी हाताने थापलेले अर्धगोल नळे होते. मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं, आणि एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं. फुटतात बहुतेक माकडांमुळे. वासे आणि रिपा फणसाच्या, सागाच्या की आईन-किंजळीच्या, हे विचारावं. मालकाला ते ठाऊक असतं आणि सांगायला आवडतंही. लाकडावर काळसर चकाकी दिसली तर काजूबीच्या टरफलाचं तेल लावलेलं असण्याचा संभव आहे. वाळवीवर तो जुना आणि चांगला उपाय. कुठे गळत असेल तर खाली पातेलं ठेवलेलं असतंच. एखाद्या पातेल्याने बिचकू नये, कौलं चाळून घेतली की ते थांबतं. भिंत आणि छप्पर जिथे भेटतात तिथे काळा ओघळ असेल, तर मात्र पाटथर कुजला आहे असं धरून भाव करावा.

स्टँडच्या आसपास आता फ्लॅटही झालेत आणि एकट्या माणसाला ते सोयीचेही आहेत. तिथे एकच बघावं, स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का. पत्रा नसलेला स्लॅब कोकणात फार पावसाळे काढत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते वकिलाचं काम. गावातल्या बऱ्याच घरांना कुलूप असतं आणि ती गणपतीला नि शिमग्याला उघडतात. मालक मुंबईला, भाऊ बडोद्याला, सातबाऱ्यावर नावं आजोबांपासूनची. 2005 पासून मुलीही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतक्याच वाटेकरी आहेत, तेव्हा "आत्याची सही काय, होऊन जाईल" असं कुणी म्हटलं, तर आधी आत्याला भेटावं. घरपट्टीचा असेसमेंट उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. घरापर्यंतची पाखाडी कुणाच्या जागेतून येते तेही बघावं. सोबत शेतजमीन घ्यायची असेल, तर 1948 च्या कूळ कायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो. आणि 2021 पासून राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. आमचं घर माझ्या नावावर आहे ते केवळ यामुळे, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

आषाढात पसंत पडलेल्या घराला वैशाखात पुन्हा एकदा जावं आणि विहिरीत डोकवावं. जांभा पाणी पितो तसं खाली सोडूनही देतो. ज्या गावात पावसाळ्यात छत्री वाळत नाही, तिथे मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या असतात. शेजारणीला विचारावं, पंप किती वेळ चालतो. मालकाला विचारू नये.

आता सजावट. शहरातून येणारी माणसं इथे सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात ती यात. जिप्समचं सीलिंग, भिंतीला वॉलपेपर, प्लायवूडची कपाटं, गालिचा. एका पावसाळ्यात प्लाय पापडासारखं फुगतं, वॉलपेपरच्या मागे बुरशी चालते, आणि सीलिंग केल्यामुळे कौल कुठे फुटलंय ते दिसतच नाही. इथल्या घराची सजावट म्हणजे त्याची निगा, दुसरं फारसं काही नाही, असं मी आता बिनदिक्कत सांगते.

रंगावर मात्र मला बोलू द्या, तो माझा विषय. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग दिला की आतला ओलावा अडकतो आणि पोपडे सुटतात. चुना दिला तर भिंत श्वास घेते. चुन्यात थोडी नीळ घातली की जो पांढरा होतो तो पावसाळी उजेडात फार सुंदर दिसतो, किंचित निळसर, थंड. खाली दोन फूट गेरूचा पट्टा ओढावा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे त्याच रंगात मिसळून जातात. आमच्या जुन्या माणसांनी हा पट्टा शोभेसाठी ओढला नव्हता, पण शोभतो. बाहेरच्या भिंती शक्य असेल तर उघड्या चिऱ्याच्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात त्या विटकरी दिसतात, पावसात काळसर तांबड्या होतात आणि श्रावणात त्यांवर शेवाळ चढतं. तांबड्यावर हिरवा उठून का दिसतो, हे मुलांना वर्गात समजावताना माझा खडू झिजला. इथे फळ्याची गरजच नाही. डोंगराच्या हिरव्या उतारावर पोपटी आणि जांभळ्या रंगाचे बंगले उभे राहताहेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. बोलले तर थांबणार नाही.

जमिनीला आमच्याकडे माजघरात लाल कोबा आहे, जुनाच, घोटून गुळगुळीत झालेला. फुटला होता तिथे नवा घालून घेतला, ठिगळ दिसतं, दिसू दे. पडवीत झोपाळा. तो आम्ही घेतला नाही, घराबरोबरच आला, कड्यांसकट. भिंतीतले कोनाडे बुजवा असं सुतार सांगत होता, पण मी बुजवू दिले नाहीत. एकात समई, एकात काड्याची पेटी आणि मेणबत्ती, कारण वारा सुटला की लाईट जाते. बाजारातून बुरडाने विणलेल्या टोपल्या आणल्या, त्यांत कांदे-बटाटे, वर्तमानपत्रं, माझे ब्रश, सगळं मावतं. चित्रं मी भिंतीला टेकवून लावत नाही, मागे लाकडाच्या छोट्या चकत्या ठेवते, म्हणजे हवा खेळते आणि कागदाला डाग पडत नाहीत.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे काचेचं कौल. माजघरात दिवसाही अंधार असायचा. दोन कौलं काढून काचेची बसवली. आता सकाळी उजेडाचा एक चौकोन देवघराच्या दाराशी उतरतो, जेवणाच्या वेळेला पाटाशी येतो आणि दुपारी भिंतीवर चढून नाहीसा होतो. ह्यांनी घड्याळ बघणं सोडलंय. ढग आले की चौकोन मावळतो, पुन्हा उजळतो. पाऊस पडताना त्यात पाण्याच्या सावल्या वाहतात. मी त्याची किती रेखाटनं केली असतील, मोजली नाहीत.

लहान सुखांची बाकी यादी काय सांगू? पहिल्या पावसानंतर बाजारात टाकळा आणि कुर्डू येतो, मग भारंगी. मागीलदारच्या अळवाशेजारी गवती चहा आहे, भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन दोन पाती कापून आणायची. सप्टेंबरात सड्यावर फुलं येतात, उघड्या कातळावर, बोटभर उंचीची, त्यांची नावं मी अजून शिकतेय. दिवाळीनंतर अंगण नव्याने करायचं. पावसाने धुपलेली माती भरायची, चोपायची, सारवायची. दर वर्षी नवं अंगण मिळणारी माणसं जगात किती असतील? उन्हाळ्यात त्यावर मांडव घातला की झालीच बाहेरची खोली, तिथे फणस फोडायचा.

आणि शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. ज्या घरी पालखी येते त्या घराला अंगण हवं, पालखी टेकवायला जागा हवी, ओवाळायला दारात चार बायका उभ्या राहतील एवढी पडवी हवी. आमच्या घराचं हे माप आपोआप जुळलं, कारण बांधणाऱ्याने ते धरूनच बांधलं होतं. नव्याने बांधणाऱ्यांनी आर्किटेक्टला खोल्यांच्या आधी हे सांगावं. गाडीला जागा सगळेच मागतात.

तेव्हा इकडे घर घ्यायचं मनात असेल तर मुंबईहून कोकण रेल्वेने संगमेश्वर रोडला उतरा, तिथून एसटीने देवरूखला या, आणि या ते जुलैत. घर दाखवणारा म्हणाला, "आता कशाला, पाऊस संपल्यावर निवांत बघा," तर ते घर सोडून द्या, दुसरं बघा.