चिठ्ठीवरील नांव

“सर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलें नांव आतां जन्मभर माझेंच का?” दहावींतील एका खिन्न मुलानें आम्हांस विचारिलें. प्रश्न योग्य होता.

ताप मोजण्यास यंत्र आहे, मनाच्या औदासीन्यास नाहीं. झोंप, भूक, अभ्यास यांची चौकशी करून डॉक्टर निदान करितात. म्हणून त्यांत मतभेद संभवतो. लंडन व न्यूयॉर्क येथील निदानांची तुलना १९७२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत आढळलें कीं, भेद रोग्यांपेक्षां डॉक्टरांच्या पद्धतींत अधिक होता. वाढत्या वयांत तर अडचण विशेष. थायरॉईड ग्रंथि मंदावल्यानेंही मन उदास होतें; कित्येकदां आजचें औदासीन्य हा उन्माद व खिन्नता आळीपाळीनें आणणाऱ्या विकाराचा आरंभ ठरतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, सांगतो कीं, पूर्वीं उपचार झाले एवढ्यावरूनच आतां वा पुढें मनोविकार ठरवितां येत नाहीं. तेव्हां पालकांनीं मुलाची शंका हट्ट समजून दडपूं नये. डॉक्टरांस विचारावें, दुसऱ्याचाही सल्ला घ्यावा. ठाण्याचें १९०१ सालचें मनोरुग्णालय वसईकरांस दूर नाहीं. मात्र औषध आपण होऊन सोडूं नये. जीव नकोसा झाल्यास तत्काळ वडील माणसांस सांगावें, किंवा १४४१६ या शासकीय निःशुल्क क्रमांकावर बोलावें.

बेथसैदा येथील आंधळ्यास प्रथम माणसें झाडांसारखीं दिसलीं. प्रभु येशूनें पुनः हात ठेविला, तेव्हां सर्व स्पष्ट दिसलें. पुनः पाहण्यांत कमीपणा नाहीं.