वाटीभर बदाम म्हणजे किती ग्रॅम?

बदामाच्या वडीची कृती बहुतेक वह्यांमध्ये एका ओळीत उरकलेली असते: बदाम दोन कप, साखर एक कप. या एका ओळीतून दोन वेगळ्या वड्या होतात. अख्खे बदाम कपाने मोजून मग मिक्सरमध्ये फिरवले, तर २०० ग्रॅम साखरेला सुमारे २८५ ग्रॅम बदाम पडतात. विकतची बदामपूड त्याच कपाने घेतली, तर बदाम जेमतेम १९० ग्रॅम, म्हणजे साखरेपेक्षाही कमी. वडी बिघडते आणि खापर फुटतं पाकावर.

हे हिशेब अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यावरून केलेले आहेत. तिथला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा. त्यात अख्खे बदाम १४३ ग्रॅम बसतात, काप ९२ आणि पूड ९५. अक्रोडाची तऱ्हा आणखी निराळी: अर्ध्या फोडी १०० ग्रॅम, तुकडे ११७, पूड मात्र ८०. फोडी वेड्यावाकड्या असल्याने त्यांच्यामध्ये बऱ्याच फटी राहतात. तुकडे केले की बारके तुकडे त्या फटींत जाऊन बसतात आणि कपाचं वजन वाढतं. आणखी बारीक केलं, की कणाकणात हवा शिरते, पूड फुलते आणि वजन उतरतं. बारीक केलं की जागा कमी लागते, हा समज त्यामुळे अर्धाच खरा.

दाण्याच्या कुटात मोजणाऱ्याचा हातही मोजावा लागतो. शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. त्यामुळे कूट अलगद भरलं तर वाटी हलकी राहते; अंगठ्याने दाबलं तर ते घट्ट बसतं आणि वर आणखी मावतं. त्यातून कुणी सपाट भरतं, कुणी शीग लावून. शिवाय भाजताना पाणी उडतं, पाखडताना सालं जातात; किलोभर दाण्यांचं किलोभर कूट कधीच होत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत हे सगळं खपून जातं. लाडवात मात्र गुळाचं प्रमाण चुकतं.

म्हणून वाटी टाकून द्यायची असं नाही. चिपटं, मापटं, शेर, पायली ही धान्याची मापंच होती, आणि चार शेरांची पायली पिढ्यानपिढ्या चालली. एकाच वाटीने सगळं मोजलं तर प्रमाण बिघडत नाही, मग वाटी लहान असो की मोठी. अडचण येते ती जिन्नसाचं रूप बदललं की, किंवा वाटी आणि कप यांची सरमिसळ झाली की. त्यात कपही एकसारखे नाहीत: ऑस्ट्रेलियातला २५० मिलिलिटरचा, जपानमधला २०० चा. मेलबर्नच्या मराठी घरात अमेरिकी कृती करायची, तर हा फरक धरावाच लागतो.

आपल्या वाटीचं माप काढणं सोपं आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. पाणी जितके ग्रॅम, तितक्या मिलिलिटरची वाटी. त्या आकड्याला अख्ख्या बदामांसाठी किंवा शेंगदाण्यांसाठी ०.६ ने गुणा, बदामपुडीसाठी ०.४ ने. पाणी १५० ग्रॅम भरलं, तर अख्खे बदाम ९० ग्रॅम आणि पूड ६०. कूट मात्र आपल्या हाताने भरून एकदा काट्यावर ठेवाच. आणि कुणाला कृती लिहून देताना ती वाटी अख्ख्या दाण्यांची की कुटाची, तेवढं आठवणीने लिहा.